निवड, क्रम आणि मर्यादा : पोस्ट-पंक बँडांच्या वैयक्तिक संकलनांचा विचार

१

आवडत्या बँडच्या समग्र ध्वनिमुद्रणांतून स्वतःला श्रेष्ठ वाटणारी वीस-बावीस गीते निवडायची, ती ठरावीक क्रमाने एका कॅसेटवर उतरवायची, कॅसेटला नाव द्यायचे, आतल्या चिठ्ठीवर गीतांची यादी स्वच्छ अक्षरात लिहायची आणि ती कॅसेट स्वतःजवळ ठेवायची अथवा एखाद्या स्नेह्याच्या हाती द्यायची, ही प्रथा ब्रिटन-अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या रसिकांत १९७० नंतरच्या काळात रूढ झाली. कॅसेट मागे पडून कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि डिस्क मागे पडून संगणकावरील यादी आली. परंतु प्रथा मोडली नाही. तिच्याकडे आजवर दोन दृष्टींनी पाहिले गेले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ती चोरी मानली आणि ललित लेखकांनी ती तारुण्यातील हळव्या आठवणींचे निमित्त मानली. निक हॉर्नबी यांच्या १९९५ मधील ‘हाय फिडेलिटी’ या कादंबरीपासून या दुसऱ्या दृष्टीला विशेष लोकप्रियता लाभली. तिसरी एक दृष्टी संभवते आणि तिचा विचार मात्र अपुरा झाला आहे. ती अशी की, वैयक्तिक संकलन हे समीक्षेचेच एक रूप आहे. शब्दांवाचून केलेली, केवळ निवड आणि क्रम या दोनच साधनांनी सिद्ध होणारी समीक्षा.

हे विधान सरसकट खरे मानता येणार नाही. प्रत्येक आवड ही समीक्षा नव्हे, आणि प्रत्येक यादी ही रचना नव्हे. म्हणून कोणत्या परिस्थितीत संकलनाला समीक्षेची प्रतिष्ठा प्राप्त होते आणि कोठे ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, याचा निर्णय उदाहरणांच्या आधारे करणे इष्ट होय. त्यासाठी १९७७ नंतरच्या ब्रिटिश पोस्ट-पंक बँडांचे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. १९७६-७७ मधील पंकचा उद्रेक ओसरल्यानंतर लंडन, मँचेस्टर, लीड्स आदी शहरांतून जे बँड पुढे आले, त्यांनी पंकची बंडखोरी राखली आणि तिचा साचा मात्र टाकून दिला. गिटारच्या भरण्याऐवजी बास गिटारला दिलेले नेतृत्व, आग्रही पुनरावृत्ती, मोकळ्या सोडलेल्या जागा आणि शब्दांचा रुक्ष, तुटक वापर ही त्यांची काही ठळक लक्षणे. सायमन रेनल्ड्स यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात या कालखंडाच्या सीमा १९७८ ते १९८४ अशा घातल्या आहेत. याच वर्षांत रिकाम्या कॅसेटचा घराघरांत प्रसार झाला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

२

फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली आणि सोनी कंपनीचा वॉकमन १९७९ मध्ये आला. जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडचा ‘अननोन प्लेझर्स’ हा पहिला अल्बम, गँग ऑफ फोर या लीड्सच्या बँडचा ‘एंटरटेनमेंट!’ आणि पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ हे तिन्ही अल्बम १९७९ चेच. यांपैकी ‘मेटल बॉक्स’ची मांडणीच बोलकी आहे. धातूच्या गोल डब्यात बारा इंची तीन तबकड्या सुट्या घातलेल्या होत्या. कोणती तबकडी आधी लावायची हे बऱ्याच अंशी ऐकणाऱ्यावर होते. कलाकृतीचा क्रम श्रोत्याच्या हाती देण्याची ही कल्पना कॅसेटच्या व्यवहाराशी जवळची आहे.

या व्यवहाराने कंपन्या अस्वस्थ झाल्या. १९८१ मध्ये ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, घरी फीत भरून घेणे म्हणजे संगीताचा जीव घेणे होय, अशा आशयाची मोहीम काढली आणि तिच्या चिन्हात कॅसेटला कवटीचे रूप देऊन खाली दोन हाडे आडवी घातली. उलट बो वाव वाव या बँडने आदल्याच वर्षी, म्हणजे १९८० मध्ये, रिकाम्या कॅसेटच्या लांबीवरूनच नाव घेतलेले गीत काढून या प्रथेचा उघड पुरस्कार केला होता. १९८१ मध्येच ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने रफ ट्रेड या स्वतंत्र कंपनीच्या साहाय्याने ‘सी-८१’ नावाचे एक संकलन आपल्या वाचकांसाठी कॅसेटवरच काढले. ज्या माध्यमाला उद्योग चोर म्हणत होता, त्याच माध्यमाला संगीतविषयक पत्रकारिता संपादनाचे साधन मानीत होती. समीक्षक आणि संकलक यांच्यातील अंतर या ठिकाणी प्रथमच स्पष्टपणे कमी झालेले दिसते.

आणखी एक कारण या बँडांच्या प्रकाशनपद्धतीत आहे. यांतील अनेकांनी आपली उत्तमोत्तम गीते छोट्या तबकड्यांवर, म्हणजे सिंगल म्हणून, काढली आणि अल्बममध्ये ती घेतलीच नाहीत. सिंगलच्या बी-बाजूवरील गीते, रेडिओसाठी ध्वनिमुद्रित केलेली रूपे, मर्यादित प्रतींच्या परदेशी आवृत्त्या अशी सामग्री सर्वत्र विखुरलेली होती. फ्रान्समध्ये १९८० च्या मार्चमध्ये निघालेल्या जॉय डिव्हिजनच्या एका सिंगलच्या प्रती अवघ्या १,५७८ होत्या. तीत ‘ॲटमॉस्फिअर’सारखे गीत होते. अशा परिस्थितीत रसिकाला संकलन ही हौस उरत नाही. बँड समग्रपणे ऐकण्याची ती पूर्वअट ठरते.

३

संकलनाच्या क्रियेचे विश्लेषण करताना भाषाशास्त्रातील एक परिचित भेद उपयोगी पडतो. भाषिक उक्ती दोन अक्षांवर घडते, असे सोस्यूरच्या विवेचनापासून मानले जाते. एका अक्षावर पर्यायांतून निवड होते, दुसऱ्यावर निवडलेल्या घटकांची एकापुढे एक जुळणी होते. रोमान याकबसन यांनी १९५६ मध्ये वाचाघाताच्या विवेचनात या दोन क्रियांची स्वतंत्र सत्ता दाखवून दिली आणि १९६० मध्ये काव्यभाषेचे लक्षण सांगताना, निवडीच्या अक्षावरील समतुल्यतेचे तत्त्व काव्यात जुळणीच्या अक्षावर उतरते, असा सिद्धान्त मांडला. वैयक्तिक संकलन हे याचे जवळजवळ शुद्ध उदाहरण होय. संकलक एकही स्वर निर्माण करीत नाही. त्याचे सारे कर्तृत्व या दोन अक्षांतच सामावलेले असते. एकाच बँडची गीते असल्यामुळे घटक मुळातच समतुल्य असतात. तोच आवाज, तीच वाद्ये, तीच वृत्ती. म्हणून जे काही अर्थवैशिष्ट्य निर्माण व्हायचे ते एका गीताशेजारी दुसरे कोणते ठेवले यातूनच निर्माण होते.

क्रमाच्या मूल्यमापनासाठी मराठी टीकेला दूर जाण्याचे कारण नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींची जी व्यवस्था मांडली, ती येथे अगदी मुळातून लागू पडते. दोन गीतांची गती व स्वरवर्ण जुळत असतील तर संवाद. एका उसळत्या गीतामागून एक संथ, उजाड गीत आले तर विरोध. आणि कॅसेटच्या दोन बाजू एकमेकींना तोलून धरीत असतील तर समतोल. कॅसेटची दुसरी बाजू पहिलीला उत्तर देते, ही गोष्ट जाणत्या संकलकांना नेहमीच ठाऊक होती. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडचे ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ (१९७९) हे अधिकृत संकलन याच तत्त्वावर उभे आहे. पहिल्या बाजूवर आठ सिंगलांची मुख्य गीते, दुसऱ्या बाजूवर त्याच आठांच्या मागील बाजू. प्रकट आणि अप्रकट अशी बँडची दोन अंगे त्यामुळे समोरासमोर येतात. हे संकलन आजही आदर्श मानले जाते याचे श्रेय गीतांइतकेच या मांडणीलाही आहे.

येथे क्रम आणि क्रमांक यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. बीबीसीवरील निवेदक जॉन पील यांनी १९७६ मध्ये श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गीतांची वार्षिक यादी सुरू केली. ती गीतांना क्रमांक देत असे. क्रमांकात प्रत्येक गीताचे मूल्य स्वतंत्रपणे ठरलेले असते, शेजारच्या गीताने ते बदलत नाही. क्रमात मात्र मूल्य शेजाराने ठरते. पंचविसाव्या क्रमांकाचे गीत संकलनाच्या आरंभी सर्वांत योग्य ठरू शकते, आणि सर्वश्रेष्ठ गीत पहिल्या बाजूच्या मध्यावर झाकोळून जाऊ शकते. म्हणूनच क्रमांकांची यादी हे मत ठरते आणि क्रमबद्ध संकलन हे विवेचन ठरते.

४

हे विवेचन किती गंभीर होऊ शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉय डिव्हिजनचे आहे. या बँडचे अल्बम दोनच : ‘अननोन प्लेझर्स’ (जून १९७९) आणि ‘क्लोजर’ (जुलै १९८०). पहिला सुमारे चाळीस मिनिटांचा, दुसरा सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एकेका बाजूवर एकेक अल्बम जवळजवळ अचूक बसतो आणि सहाएक मिनिटे उरतात. परंतु ‘ट्रान्समिशन’, ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ आणि ‘ॲटमॉस्फिअर’ ही बँडची तीन प्रमुख गीते या दोन्ही अल्बमांत नाहीत. तिन्हींना मिळून सुमारे अकरा मिनिटे लागतात. अर्थात ती घ्यायची तर अल्बमांतील किमान एक दीर्घ गीत गाळावेच लागते. कोणते? पहिल्या अल्बमचा काचा फुटण्याच्या आवाजांनी भरलेला शेवट, की दुसऱ्याच्या अखेरच्या दोन संथ गीतांपैकी एखादे? हा प्रश्न मिनिटांचा दिसतो, पण वस्तुतः तो बँडच्या अर्थाविषयीचा प्रश्न आहे.

त्याचे कारण चरित्रात आहे. गायक आणि गीतकार इयन कर्टिस यांनी १८ मे १९८० रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आत्महत्या केली. ‘क्लोजर’ त्यानंतर दोन महिन्यांनी प्रकाशित झाला आणि श्रोत्यांनी तो प्रथमपासूनच एका मृत माणसाचा आवाज म्हणून ऐकला. तेव्हापासून या बँडची कालानुक्रमे केलेली प्रत्येक मांडणी नकळत एका कथानकात रूपांतरित होते : आरंभीचा पंकचा आवेश, मग गडद होत जाणारी छाया, मग शेवट. प्रत्येक पूर्वीचे गीत भावी मृत्यूची सूचना ठरते. या वाचनात काही तथ्य नाही असे नाही. परंतु ते अपुरे आहे. कर्टिस यांची गीते लिहिली गेली तेव्हा त्यांचा शेवट ठरलेला नव्हता, आणि बासवादक पीटर हूक, गिटारवादक बर्नार्ड समनर व तालवादक स्टीफन मॉरिस हे तिघे या संगीताचे तितकेच कर्ते होते. मृत्यूला सूत्रधार केले की या तिघांचे कर्तृत्व पार्श्वसंगीताच्या पातळीवर उतरते.

कालक्रम मोडणारा संकलक या वाचनाला विरोध करीत असतो, मग त्याला याची जाणीव असो वा नसो. जो ‘क्लोजर’मधील संथ गीते पहिल्या बाजूच्या मध्याशी आणतो आणि दुसरी बाजू ‘ट्रान्समिशन’च्या नृत्यमय आवेगावर संपवितो, तो असे प्रतिपादन करतो की, हे संगीत अंत्यविधीचे नाही, जिवंत माणसांनी जिवंत माणसांसाठी वाजविलेले आहे. जो अखेरीस ‘सेरेमनी’ हे गीत घेतो, त्याचे प्रतिपादन याहून धाडसी आहे. हे गीत जॉय डिव्हिजनच्या अखेरच्या काळात रचले गेले, २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठातील त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमात गायले गेले, आणि १९८१ मध्ये उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर या नव्या नावाने ते आपले पहिले सिंगल म्हणून काढले. जॉय डिव्हिजनच्या संकलनात न्यू ऑर्डरचे हे रूप घेणे म्हणजे बँडचा अंत मृत्यूपाशी न मानता नव्या आरंभापाशी मानणे होय. एका गीताच्या निवडीने बँडची सीमारेषाच सरकते. एवढा आशय शब्दांतून मांडायला समीक्षकाला एक प्रकरण लिहावे लागेल.

५

दुसरे उदाहरण वायर या लंडनच्या बँडचे. ते पहिल्याच्या अगदी उलट आहे आणि संकलनाची मर्यादा दाखविणारे आहे. ‘पिंक फ्लॅग’ (१९७७) या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये एकवीस गीते असून त्यांचा एकूण अवधी सुमारे पस्तीस मिनिटांचा आहे. काही गीते अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतात. कल्पना संपली की गीत थांबवायचे, हे या अल्बमचे रचनातत्त्व. त्यामुळे त्यातील लहानशा गीताला स्वतःचे असे वजन नसते. मागच्यापुढच्या गीतांच्या रेट्यातून त्याला अर्थ येतो. ते उचलून अन्यत्र ठेवले की वाक्यातून तोडलेल्या अव्ययासारखे ते पोरके होते. अशा कृतीतून ‘उत्तम’ निवडणे हे कृतीचा स्वभावच नाकारण्यासारखे आहे. तेव्हा जेथे मूळ अल्बमची एकात्मता घट्ट आहे तेथे संकलन हानिकारक ठरते, हा आक्षेप स्वीकारलाच पाहिजे. मात्र तो सर्वत्र लागू नाही. वायरच्याच पुढील दोन अल्बमांत, ‘चेअर्स मिसिंग’ (१९७८) आणि ‘१५४’ (१९७९) यांत, गीते दीर्घ व स्वयंपूर्ण होत गेली आहेत आणि ती स्थलांतर सोसतात. यावरून एक उपयुक्त कसोटी हाती येते. कोणते गीत शेजार बदलूनही टिकते आणि कोणते कोमेजते, हे संकलनाच्या प्रयोगातूनच कळते. येथे संकलन हे समीक्षेचे केवळ फलित राहत नाही. ते तिचे उपकरण बनते.

याच बँडच्या संदर्भात पाठचिकित्सेचाही प्रश्न उद्भवतो. ‘आउटडोअर मायनर’ या गीताचे अल्बममधील रूप पावणेदोन मिनिटांच्या आत संपते. १९७९ मध्ये सिंगल म्हणून ते काढताना त्यात पियानोचा भाग घालून ते लांबविण्यात आले. जॉय डिव्हिजनच्या ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ या गीताचीही १९७९ आणि १९८० अशी दोन भिन्न रूपे आहेत आणि दुसऱ्यात शब्दांची भर आहे. यांतील कोणता पाठ घ्यावा? आद्य रूप प्रमाण मानावे, की कर्त्याने शेवटी मान्य केलेले? हस्तलिखितांच्या संपादकापुढे जो प्रश्न असतो तोच येथे वेगळ्या सामग्रीत उभा राहतो. फरक एवढाच की, ग्रंथाचा संपादक पाठभेद तळटीपेत नोंदवू शकतो आणि कॅसेटला तळटीप नसते.

६

तिसरे उदाहरण द फॉल या बँडचे. मँचेस्टर परिसरात १९७६ मध्ये तो सुरू झाला आणि २४ जानेवारी २०१८ रोजी मार्क ई. स्मिथ यांच्या निधनाने संपला. चार दशकांत तीसहून अधिक अल्बम, जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी १९७८ ते २००४ या काळात केलेली चोवीस ध्वनिमुद्रणे, आणि स्मिथ वगळता सतत बदलत राहिलेले वादक, असा हा पसारा आहे. जॉय डिव्हिजनबाबत संकलन हे पूर्ती असते. द फॉलबाबत ते अपरिहार्यपणे संक्षेप असते. आणि संक्षेप करताना कालखंड पाडावेच लागतात. १९८२ च्या ‘हेक्स एन्डक्शन अवर’पर्यंतचा खडबडीत फॉल, ब्रिक्स स्मिथ बँडमध्ये असताना १९८३ ते १९८९ या काळातील तुलनेने सुरेल फॉल आणि त्यानंतरचा दीर्घ, विषम फॉल, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. कोणत्या कालखंडाला किती मिनिटे दिली यावरून संकलकाचे इतिहासविषयक मत ताबडतोब उघड होते.

२००४ मध्ये या बँडचे ३९ गीतांचे अधिकृत संकलन निघाले. त्याचे नाव एल्विस प्रेस्ली यांच्या १९५९ मधील संकलनाच्या नावाचे विडंबन आहे. प्रेस्ली यांचे पाच कोटी चाहते चुकीचे असू शकत नाहीत, असा मूळचा दावा होता. येथे ती संख्या पन्नास हजारांवर आणलेली आहे. विनोदाखाली एक नेमके सत्य आहे. बहुसंख्येच्या जोरावर मूल्य सिद्ध करण्याचा मार्ग या संगीताला बंद होता. म्हणून प्रत्येक चाहत्याला स्वतःचे प्रमाण स्वतःच द्यावे लागले.

निरनिराळ्या रसिकांची फॉलसंकलने शेजारी ठेवली तर काही गीते बहुतेकांत आढळावीत आणि उरलेली प्रत्येकाची निराळी असावीत, अशी अपेक्षा करता येते. संकलनग्रंथांच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ ही परंपरेनुसार हाल राजाने कोटी गाथांतून निवडलेल्या सातशे गाथांची. परंतु वेबर यांनी १८८१ मध्ये तिच्या निरनिराळ्या परंपरा एकत्र केल्या तेव्हा गाथांची संख्या ९६४ झाली आणि त्यांपैकी सर्व परंपरांत समान अशा केवळ ४३० निघाल्या. म्हणजे संकलन एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढी गाभा राखून कडा बदलते. दोन संस्कृतींचे नाते जोडण्याचा येथे उद्देश नाही. निवडीच्या परंपरेत स्थिर गाभा आणि अस्थिर परिघ कसे निर्माण होतात, एवढ्या रचनासाम्यापुरतीच ही तुलना आहे.

७

आता मूळ विधानावरील मुख्य आक्षेपाकडे वळले पाहिजे. समीक्षा कारणे देते. संकलन कारणे देत नाही. विशेषतः वगळलेल्या गीतांबाबत ते पूर्णपणे मुके असते. एखादे गीत नाही, ते आवडले नाही म्हणून, बाजूवर मावले नाही म्हणून, की संकलकाजवळ ते नव्हतेच म्हणून? कॅसेटवरून हे कळत नाही. आक्षेप वजनदार आहे. तथापि अभावालाही अर्थ असू शकतो, हे व्याकरणाने फार पूर्वी ओळखले आहे. पाणिनीय परंपरेतील लोपाची संकल्पना हेच सांगते की, जेथे एखाद्या घटकाची प्राप्ती होती तेथे त्याचे न दिसणे हे व्याकरणदृष्ट्या कार्यक्षम असते. जेथे प्राप्तीच नव्हती तेथे अभावाला अर्थ नाही. हेच तत्त्व येथे लावता येते. फॉलच्या एखाद्या दुर्मिळ बी-बाजूची अनुपस्थिती काहीच सांगत नाही. पण जॉय डिव्हिजनच्या संकलनात ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ नसेल, तर ती अनुपस्थिती मोठ्याने बोलते. सर्वांना ठाऊक असलेल्या गीताने बँडची ओळख झाकली जाते, असा तिचा आशय असू शकतो. मात्र ही भाषा त्यालाच कळते ज्याला बँडची सामग्री आधीच अवगत आहे. वैयक्तिक संकलनाची समीक्षा ही अशा रीतीने जाणकारांतील समीक्षा राहते. नवख्याला ते केवळ संगीत असते. हे तिचे वैगुण्य मान्य करावे लागते.

अधिकृत संकलनाशी तुलना केल्यास मात्र वैयक्तिक संकलनाचा एक विशेष गुण लक्षात येतो. अधिकृत संकलनावर हक्क, विक्री आणि माध्यम यांची बंधने असतात. द क्युअर या बँडचे १९८६ मधील सिंगलांचे संकलन एलपीवर तेरा गीतांचे, कॉम्पॅक्ट डिस्कवर सतरा गीतांचे आणि कॅसेटवर बी-बाजूंसह पंचवीस गीतांचे निघाले. डिस्कचे तर नावही निराळे होते. एकाच संपादकीय निर्णयाची ही तीन रूपे बाजारपेठेने घडविली. गँग ऑफ फोरने २००५ मध्ये आपली जुनी गीते नव्याने ध्वनिमुद्रित करून संकलनरूपाने काढली. तेथे कर्तेच स्वतःचे संकलक झाले आणि त्यांनी निवडीबरोबर पाठही बदलला. वैयक्तिक संकलकावर असे कोणतेच दडपण नसते. त्याला फक्त एका बंधनाला तोंड द्यावे लागते, आणि ते म्हणजे अवधी.

८

या बंधनाचे महत्त्व आज विशेष जाणवते, कारण ते आता उरलेले नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट, मग ऐंशी मिनिटांची रिकामी डिस्क, असे करीत २००८ मध्ये स्पॉटिफायसारखी सेवा सुरू झाल्यानंतरच्या काळात यादीची लांबी व्यवहारतः अमर्याद झाली. फॉलची तीनशे गीतांची यादी कोणीही काही क्षणांत करू शकतो. ती रोज बदलता येते आणि क्रम विस्कटून ऐकण्याची सोयही हाताशी असते. सामग्रीची दुर्मिळता संपली, ही निःसंशय लाभाची गोष्ट आहे. १,५७८ प्रतींत अडकलेले गीत आज कोणालाही ऐकता येते. परंतु ज्या यादीत काही गाळावे लागत नाही तिच्यात निवड उरत नाही, आणि जी यादी कोणत्याही क्रमाने ऐकली तरी चालते तिच्यात विवेचन उरत नाही. कॅसेटवर गीत उतरविण्यास गीताइतकाच वेळ लागत असे; संकलकाला आपला प्रत्येक निर्णय पूर्णपणे ऐकावा लागे. निर्णयाची ही किंमत नाहीशी झाली की निर्णयाचे वजनही घटते. अनेक रसिक आजही स्वतःहून ऐंशी मिनिटांची किंवा वीस गीतांची मर्यादा घालून घेतात. यामागे केवळ गतकाळाची ओढ नसावी. मर्यादेवाचून मत सिद्ध होत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणलेले असावे. छंदोबद्ध रचनेचा आग्रह धरणाऱ्या कवीची भूमिका याहून फार वेगळी नसते.

सारांश, वैयक्तिक संकलनाला समीक्षेचे रूप तीन अटींवर प्राप्त होते : गाळण्यास भाग पाडणारी मर्यादा असली पाहिजे, क्रम हेतुपूर्वक असला पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला मूळ सामग्रीचे भान असले पाहिजे. या अटी जेथे पाळल्या जातात तेथे संकलक समीक्षकाचे एक अवघड कार्य पार पाडतो. तो रूढ कथानकाला पर्याय देतो. तेविसाव्या वर्षी मरण पावलेल्या माणसाची गीते त्याच्या मृत्यूकडे तोंड करून ऐकायची की त्याच्या आयुष्याकडे, हा प्रश्न अल्बमच्या वेष्टनावरील मजकुराने सुटत नाही; तो गीतांच्या क्रमाने सुटतो, आणि प्रत्येक जाणत्या श्रोत्याला तो स्वतःपुरता सोडवावा लागतो.

यातून संशोधनाचे एक कर्तव्यही निष्पन्न होते. प्रकाशित ध्वनिमुद्रणे ग्रंथालये जपतात. घरी भरलेल्या कॅसेटी कोणी जपत नाही. फितीवरील चुंबकीय लेप झिजतो, चिठ्ठीवरील शाई उडते आणि मालकामागे त्या टाकून दिल्या जातात. बँडांचा इतिहास त्यामुळे नष्ट होणार नाही. तो पुष्कळ लिहिला गेला आहे. नष्ट होईल तो ऐकण्याचा इतिहास. कोणते गीत कशामागून ऐकले गेले आणि शेवटी कोणते ठेवले गेले, याची नोंद दुसरीकडे कोठेही नाही. साहित्याच्या अभ्यासात वाचकाने समासात केलेल्या खुणांना जे मोल आहे तेच या चिठ्ठ्यांना संगीताच्या अभ्यासात आहे, आणि त्या हाताशी आहेत तोवरच त्यांचे वर्णन व वर्गीकरण करणे शक्य आहे.